जुना पट का सुटत नाही?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हमालांच्या आणि गिरणी कामगारांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले, त्याने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कायद्यावर बोलावे. खेळावर बोलण्याचे त्याला काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की मजूर दिवसाचे आठ-दहा तास काम करतो आणि उरलेल्या वेळात घटकाभर खेळतो. कामात तो दुसऱ्याच्या मर्जीने वागतो, खेळात स्वतःच्या. माणूस आपखुशीने काय निवडतो हे पाहावयाचे असेल तर त्याच्या खेळाकडे पाहावे लागते. शाळेचे शिक्षण आम्हाला फारसे लाभले नाही. जे काही समजले ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि मोंढ्यातील माणसांतून. त्या शिदोरीवरच आज बोलणार आहोत.

प्रश्न असा आहे. एखादा बुद्धीचा खेळ असतो. लोक तो वर्षानुवर्षे खेळतात. पुढे त्याची नवी आवृत्ती निघते. ती अधिक सुबक असते, अधिक वेगवान असते, जुन्यातील उणिवा तीत काढून टाकल्या आहेत असे सांगितले जाते. लोक ती हाती घेऊन पाहतात, काही दिवस खेळतात, आणि त्यांपैकी पुष्कळ जण मुकाट्याने जुन्या खेळाकडे परत येतात. हे का घडते?

याचे ठरावीक उत्तर म्हणजे सवय. दुसरे उत्तर, लहानपणाच्या आठवणींचा गोडवा. तिसरे, नवे शिकण्याचा आळस. कामगार नव्या यंत्राला नाखूश असतो तेव्हाही हीच तीन उत्तरे ऐकू येतात, म्हणून आमचे कान टवकारले. ही उत्तरे खरी आहेत की सोयीची आहेत, एवढेच तपासून पाहावयाचे आहे.

आपल्या घरातल्या उदाहरणापासून सुरुवात करू. बुद्धिबळ हा खेळ मूळचा आपला. पट तोच, चौसष्ट घरे तीच, बत्तीस मोहरे तेच. परंतु आपल्याकडे दोन रीतींचे बुद्धिबळ खेळले जात आले. एक देशी आणि एक विलायती. आज शाळेत, स्पर्धेत आणि मोबाइलवर मुले जे खेळतात ते विलायती, म्हणजेच आंतरराष्ट्रीय नियमांचे. देशी रीत ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे.

देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. विलायतीत त्याला पहिल्या वेळी दोन घरांची मुभा आहे. विलायतीत राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलतात आणि राजा तटामागे जाऊन बसतो. देशीत तसे नाही. राजाला शह बसलेला नसेल तर साऱ्या डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी घेता येते. ती केव्हा घ्यावी यातच अर्धे शहाणपण असते. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले की विलायतीत त्याचा वजीर करता येतो, मग ते कोठल्याही पट्टीतून गेलेले असो. देशीत ते ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोहोचले तो मोहरा होते. हत्तीच्या पट्टीत गेले तर हत्ती, घोड्याच्या पट्टीत गेले तर घोडा. बारीकसारीक नियम गावोगाव वेगळे असत, पण ठळक रीत ही.

आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या आम्हाला फार मोलाच्या वाटतात. पहिली बुर्जी. समोरच्याचे सगळे मोहरे मारून टाकले आणि त्याचा राजा एकटा उरला, तर तो पुरा विजय धरीत नसत. डाव बुर्जी झाला म्हणत. तेव्हा जिंकणाऱ्याला समोरच्याकडे एखादे प्यादे तरी शिल्लक ठेवून मात करावी लागे. दुसरी गोष्ट प्यादेमात. वजिराने किंवा हत्तीने केलेली मात ही साधी मात. पटावरच्या सर्वांत लहान मोहऱ्याने राजाला कोंडले तर तो विजय सर्वांत मानाचा. शह, काटशह, मात, प्यादेमात, अडीच घरे हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. ज्याने आयुष्यात पट पाहिला नाही तोही निवडणुकीच्या गप्पांत म्हणतो की अमक्याने तमक्याला शह दिला. खेळ भाषेत उतरतो तो फार दिवस आणि फार लोकांनी खेळल्यावरच.

विलायती रीत आपल्याकडे आली तिलाही दोनशे वर्षे होऊन गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले, तेच मुळी युरोपीय चालीला जुळवून. म्हणजे नवी आवृत्ती पेशवाई बुडण्याआधीच दारात उभी होती. तरीही त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे खेड्यापाड्यांतील पारावर, वाड्यांच्या ओसरीवर आणि देवळांच्या ओट्यावर देशी डावच चालू राहिला. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. येथे पटाचे नाव शतरंज असे निघे, पण ओट्यावरचा खेळ जुनाच. आमच्या तरुणपणी, १९९० च्या सुमारास, मोंढ्यात गाड्यांची वाट पाहत बसलेले वयस्क हमाल फरशीवर कोळशाने घरे आखून खेळत. मोहरे अपुरे असत. बाटलीची बुचे आणि चिंचोके यांना हत्ती-घोड्यांची जागा मिळे. त्यांच्यापैकी एक-दोघे विलायती रीत उत्तम जाणत. गावात स्पर्धा असली की त्या नियमाने खेळून येत, आणि मोंढ्यात परतले की पुन्हा प्यादे एक घर सरकवीत.

नवे येत असून ते जुने खेळत होते. तेव्हा आळसाचे उत्तर येथेच निकालात निघते. मग खरे उत्तर काय?

आमच्या मते पहिले कारण असे की जुन्या खेळात माणसाचे कसब जमा झालेले असते. पन्नाशीच्या हमालाच्या नावावर बँकेत फार काही नसते. परंतु देशी डावाची सुरुवात कशी बांधावी, राजाची उडी केव्हा राखून ठेवावी, कोणते प्यादे कोणत्या पट्टीत न्यावे, हे तीस वर्षांत मिळविलेले ज्ञान त्याच्या डोक्यात असते. नियम बदलला की त्या ठेवीतील मोठा भाग एका दिवसात बुडतो. काल शिकलेला पोरगा आणि तीस वर्षांचा खेळाडू एका रांगेत येतात. नवा खेळ चांगला की वाईट हा प्रश्न निराळा. त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न आहे.

कसब म्हणजे काय आणि ते कसे टिकते, याचा दाखला मीर सुलतान खान यांच्यात सापडतो. पंजाबातील हा माणूस देशी बुद्धिबळात वाढला. विलायती नियम त्यांनी वयाच्या विशीनंतर शिकले. नवाब सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते १९२९ साली इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले. १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरविले. जाणकार सांगतात की त्यांच्या डावाची सुरुवात कच्ची असे, मध्य आणि शेवट मात्र पोलादी. याचे कारण उघड आहे. दोन रीतींमधला फरक मुख्यतः सुरुवातीला आहे. डाव पुढे सरकला, मोहरे थोडे उरले, की दोन्ही रीती जवळजवळ एक होतात. तेथे त्यांची देशी ठेव जशीच्या तशी वटत होती. १९३५ साली, भारतात परतल्यावर, ते महाराष्ट्राचे नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले आणि त्यांतील नऊ जिंकून एक बरोबरीत सोडविला. १९६६ साली ते वारले. जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर ही पदवी सन्मानार्थ दिली ती २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

जुने कसब नव्याला काय देऊ शकते, हेही पाहण्यासारखे आहे. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात कॉकरेन नावाचा स्कॉटिश वकील महेशचंद्र बॅनर्जी या देशी खेळाडूशी पुष्कळ डाव खेळला. प्यादे एकच घर सरकविण्याची सवय असल्यामुळे महेशचंद्र घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवीत, त्यामागे उंट बसवीत आणि तो कोपऱ्यातून पटभर तिरका रोखीत. पटाचा मध्य ते समोरच्याला घेऊ देत आणि मग त्यावर दुरून मारा करीत. युरोपातील जाणत्यांना ही रीत फार दिवस विचित्र वाटत होती. पुढे विसाव्या शतकात मोठमोठ्या खेळाडूंनी तीच उचलली, आणि आज जगभर तिला इंडियन डिफेन्स म्हणतात. मागासलेला म्हणून जो नियम मोडीत काढला, त्यातूनच ही दृष्टी आली होती.

आता दुसरे कारण. ते सांगण्यासाठी संगणकाकडे वळले पाहिजे. आमच्या संघटनेच्या कचेरीत पत्रे टंकलिखित करण्यास एक तरुण येतो. काम संपले की तो संगणकावर एक खेळ खेळतो. एज ऑफ एम्पायर्स हे त्याचे नाव. आपल्यापैकी ज्यांची मुले सायबर कॅफेच्या काळात वाढली, त्यांच्या कानांवर हे नाव आलेले असेल. त्याचा दुसरा भाग अमेरिकेतील एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने १९९९ साली काढला आणि तिसरा २००५ साली. आम्ही त्या तरुणाला विचारले, तिसरा भाग असताना तू दुसरा का खेळतोस? त्याने जे दाखविले ते पाहून आम्हाला फार गंमत वाटली.

या खेळात राज्य उभारावयाचे असते. त्यासाठी मजूर लागतात. दुसऱ्या भागात मजूर लाकूड तोडतो, ते पाठीवर घेतो, वखारीपर्यंत चालत जातो, ओझे टाकतो आणि परत झाडाकडे येतो. वखार झाडांपासून दूर बांधली तर त्याचा अर्धा दिवस चालण्यात जातो. जवळ बांधली तर थोड्या काळात अधिक लाकूड जमते. झाडे तुटत जातात तशी नवी वखार पुढे बांधावी लागते. चांगल्या आणि वाईट खेळाडूतला फरक पहिल्या दहा मिनिटांत येथेच पडतो. तिसऱ्या भागात कंपनीने हे ओझे वाहणे काढून टाकले. मजूर झाडापाशीच उभा राहतो आणि लाकूड आपोआप खात्यावर जमा होते. त्याऐवजी मायदेशाच्या शहरातून मदत मागविण्याचे पत्ते आणले.

ज्याने मोंढ्यात पोती वाहिली आहेत त्याला हे लगेच समजेल. गाडी कोठे लावावी, थप्पी कोठे रचावी, किती पावले वाचतात, याचे गणित हमालाइतके कोणाला ठाऊक? कंपनीला वाटले की ओझे वाहणे ही कटकट आहे, ती काढली की खेळाडू खूश होईल. परंतु त्या कटकटीतच खेळाडूचे शहाणपण होते. ती काढल्यावर हाताला विसावा मिळाला आणि डोक्याचे कामही गेले. हे दुसरे कारण. नवी आवृत्ती काढणारा जिला अडचण समजतो, ती पुष्कळदा खेळाचा गाभा असते. ते बाहेरून दिसत नाही. खेळणाऱ्याला विचारल्यावाचून ते कळत नाही.

पुढची हकिकत याहून बोलकी आहे. २००९ साली मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बल स्टुडिओज बंद केला. खेळ घडविणारे कारागीर पांगले. परंतु दुसरा भाग खेळणाऱ्यांनी तो सोडला नाही. काही खेळाडूंनी आपल्या फावल्या वेळात, पगार नसताना, त्याला नवी राज्ये आणि नव्या लढाया जोडल्या. अखेर कंपनीला त्यांचे काम मान्य करावे लागले. २०१३ साली जुना खेळ नव्या रूपात विक्रीला आला आणि खेळाडूंनी केलेली भर अधिकृत झाली. २०१९ साली तो पुन्हा नव्याने काढला. २०२१ साली चौथा भाग आला, तरी दुसऱ्याची ओढ ओसरली नाही. २०२२ साली त्यात बंगाली, द्राविड आणि गुर्जर ही राज्येही आली. १९९९ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले आज हा खेळ खेळतात. त्यांना लहानपणाची कोणती आठवण खेचून आणणार? गोडव्याचे उत्तर येथे निकालात निघते.

दक्षिण कोरियात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. तेथे १९९८ साली निघालेला स्टारक्राफ्ट हा लढाईचा खेळ एवढा लोकप्रिय झाला की त्याचे पगारी खेळाडू आणि पगारी संघ तयार झाले. सामने दूरचित्रवाणीवर दाखवू लागले. २०१० साली दुसरा भाग निघाला. २०१२ पर्यंत चालकांनी जुन्या खेळाच्या मोठ्या स्पर्धा बंद करून साऱ्या संघांना नव्यावर नेले. खेळाडूंपुढे दुसरा मार्ग नव्हता. पोट त्यावर होते. चार वर्षांनी, २०१६ साली, नव्या खेळाची ती संघांची स्पर्धा गुंडाळावी लागली. तोवर जुने नावाजलेले खेळाडू जुन्या खेळाकडे वळलेही होते, प्रेक्षक त्यांच्या मागोमाग गेले, आणि २०१७ साली कंपनीने जुनाच खेळ रंगरंगोटी करून पुन्हा काढला. हुकमाने माणसे नव्या पटावर बसविता येतात. ती तेथे रमतील असे नाही.

हे झाले तिसरे कारण, आणि आमच्या धंद्यात आम्ही त्याला सर्वांत वरचे मानतो. खेळ म्हणजे दोन माणसांतला करार आहे. पट, मोहरे, संगणक ही साधने. खरा खेळ असतो तो दोघांनी मान्य केलेल्या नियमांत. नियम दोघांच्या संमतीने बदलला तर करार टिकतो. तिसऱ्याने परभारे बदलला तर खेळणारे जुन्या करारावर परत येतात, कारण तोच त्यांनी केलेला असतो. सोबती जेथे असतील तेथे खेळ असतो. एकट्याला उत्तम आवृत्ती मिळून काय उपयोग?

येथवर ऐकून कोणी म्हणेल की आम्ही जुन्याची तळी उचलतो आहोत. तसे नाही. नवे यशस्वी झाल्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती तितकीच शिकण्यासारखी आहेत.

पाचशे-सव्वापाचशे वर्षांपूर्वी बुद्धिबळातला वजीर अगदी दुबळा होता. तो तिरका एकच घर जाई. उंटही अडखळत चाले. डाव संपता संपत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या बाजूला वजिराला आणि उंटाला आजची लांब चाल मिळाली, आणि थोड्या काळात सगळ्या युरोपाने जुना खेळ सोडला. आपल्या देशी रीतीनेही पुढे तो बलवान वजीर घेतला. येथे कोणी परत का गेले नाही? कारण पट तोच राहिला, मोहरे तेच राहिले, राजा, हत्ती, घोडा आणि प्यादी यांचे ज्ञान जसेच्या तसे कामी आले. नव्याने रेंगाळणे कमी केले आणि विचाराला उलट जास्त वाव दिला.

याच्या उलट कॅपाब्लांकाची गोष्ट. हा क्यूबाचा खेळाडू १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. उत्तम खेळाडूंचे डाव फार बरोबरीत सुटू लागले आहेत, तेव्हा खेळ मोठा केला पाहिजे, असे त्याला वाटले. त्याने दहा घरे रुंद आणि आठ घरे लांब असा पट सुचविला आणि दोन नवे मोहरे घातले. एकात हत्ती आणि घोडा यांचे बळ एकवटलेले, दुसऱ्यात उंट आणि घोडा यांचे. सुचविणारा जगातला पहिल्या प्रतीचा खेळाडू होता. तरी लोकांनी तो पट उचलला नाही. भर पडली म्हणजे सुधारणा झाली असे होत नाही. आणि बरोबरीची तक्रार मूठभर उस्तादांची होती, ओट्यावरच्या खेळाडूची नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातही स्पर्धांच्या दालनात अखेर विलायती रीतच जिंकली, आणि ती का जिंकली हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. तिने सोबती वाढविले. देशी रीतीत गावागणिक नियम वेगळे. नांदेडचा आणि सांगलीचा खेळाडू समोरासमोर बसले तर आधी नियमांचीच वाटाघाट. नव्या रीतीने सारे जग एका पटावर आणले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि दरवर्षी स्पर्धा भरवून खेळाडूंच्या पिढ्या घडविल्या. १९५१ साली अखिल भारतीय संघटना झाली. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या संयुक्त विजेते ठरले. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी, सांगलीच्या भाग्यश्री साठे यांनी तो वारसा वाढविला. पारावरच्या आणि ओट्यावरच्या देशी डावात बायकांना कोण बसू देत होते? आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून दाखविला. एवढे दार उघडणाऱ्या नव्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही, ज्या देशी खेळाडूंनी हा पूल ओलांडला ते रिकाम्या हातांनी आले नव्हते. सुलतान खान यांनी आपला शेवटचा डाव बरोबर आणला, महेशचंद्रांनी आपला तिरका उंट आणला.

तेव्हा या सगळ्यातून आम्हाला तीन कसोट्या सापडतात. नवे आले तर त्यात माणसाचे मिळविलेले कसब चालते का? नियम बदलताना खेळणाऱ्याला विचारले का? आणि बदलाने सोबती वाढले की तुटले? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर लोक आपण होऊन पुढे जातात. नसतील तर जाहिरात कितीही करा, ते परत फिरतात.

आता आमच्या मूळ शंकेकडे येऊ. कामगार नव्या यंत्राला विरोध करतो, तो सवयीने, आळसाने आणि जुन्याच्या मोहाने, असे शतकभर सांगितले गेले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशी योजना आली, आणि सुमारे सहा महिने संप चालला. त्या विणकराला मागाची भीती वाटत नव्हती. तो मागावरच जगला होता. जादा काम कोणी करायचे, ज्यांचे काम जाईल त्यांनी कोठे जायचे, आणि बचतीचा पैसा कोणाच्या खिशात पडायचा, हे त्याला विचारून ठरले नव्हते, हे त्याचे दुखणे होते. आपल्या नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. ज्या हातांना सूत पाहताच त्याचा नंबर सांगता येई, त्या हातांचे ज्ञान कोठल्याच पटावर चालेनासे झाले. त्यांतील कित्येकांनी पुढे रिक्षा चालविली, पहारे केले. यंत्र जुने झाले तर त्याची मोडीत किंमत येते. माणसाचे कसब जुने झाले म्हणून कोणी मोडीचाही भाव देत नाही.

येथे खेळ आणि काम यांतला भेद आपल्या ध्यानात येईल. खेळात माणसाला नवी आवृत्ती नको असेल तर तो ती बाजूला ठेवून जुना पट मांडू शकतो. कोणी त्याला आळशी म्हटले तरी त्याचे काही अडत नाही. कामात त्याला ही मुभा नाही. नवे यंत्र, नवा ठेका, नवा कायदा जसा येईल तसा घ्यावा लागतो. परत जाण्यास जुना पट शिल्लक नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी ४ संहिता लागू झाल्या आहेत. त्यांवर आज येथे वाद घालण्याचा आमचा विचार नाही. परंतु त्यांनाही याच तीन कसोट्या लावाव्यात, एवढे सुचविल्यावाचून राहवत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की जुन्या खेळाकडे परतणाऱ्याला हसू नये. त्याची निवड ही एक साक्ष आहे. माणसाला सक्ती नसेल तेव्हा तो बदलाला कसा पारखतो, हे ती दाखविते. कारखान्यात हीच साक्ष दडपली जाते, म्हणून ती आपल्याला खेळात शोधावी लागते. ज्यांच्या हाती नवे पट मांडण्याचे अधिकार आहेत, मग ते कंपनीचे चालक असोत, सरकार असो किंवा आमच्यासारखे संघटनेचे पुढारी असोत, त्यांनी नियम छापण्याआधी पटाशी बसलेल्यांना विचारावे. आणि डाव जिंकतानाही समोरच्याकडे एक प्यादे शिल्लक ठेवावे. बुर्जीला आपल्या वाडवडिलांनी पुरा विजय मानला नाही, ते उगीच नव्हे.